घरासाठी अलार्म आणि देखरेख सेवा निवडताना : सुरुवात शेवटच्या टोकापासून

घराला अलार्म बसवायचा असे ठरले की बहुतेकांचे पहिले प्रश्न पेटीविषयी असतात : सेन्सर किती मिळतील, सायरन किती मोठा वाजेल, मोबाइलवर सगळे दिसेल का. विक्रेत्यालाही हेच प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरे त्याच्या माहितीपत्रकात तयार असतात. माझा सल्ला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करण्याचा आहे. घरात कोणी नसताना मध्यरात्री सायरन वाजला, तर त्यानंतर नेमके कोण आणि किती वेळात तुमच्या दारात येईल, हे आधी एका कागदावर लिहून काढावे. एवढे लिहिता आले की देखरेख सेवा कोणती घ्यावी, तिच्यापर्यंत निरोप कोणत्या मार्गाने जावा आणि घरात कुठे काय बसवावे, हे प्रश्न त्याच क्रमाने सुटत जातात.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युतमंडल जुळायचे आणि घंटा वाजायची. त्याचे हक्क विकत घेऊन एडविन होम्स याने तो धंदा वाढवला, पण नुसती घंटा वाजून भागत नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि पुढे गिऱ्हाइकांच्या जागांमधून निघालेल्या तारा त्याने एका मध्यवर्ती कचेरीत आणून सोडल्या. तिथे माणूस बसलेला असे. आजचे देखरेख केंद्र म्हणजे त्याच कचेरीचा विस्तार आहे.

पायरी १ : कोण येणार, हे आधी ठरवा

अलार्म वाजला की पोलीस येतातच, ही समजूत सर्वत्र खरी नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने प्रकाशित केलेल्या खोट्या गजरांवरील मार्गदर्शिकेनुसार पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या निरोपांपैकी ९४ ते ९८ टक्के निरोप खोटे असतात. इतका वेळ फुकट जात असल्यामुळे अनेक शहरांनी आपापले नियम कडक केले. सॉल्ट लेक सिटीने २००० मध्ये असा नियम केला की घटनास्थळी काही घडत असल्याची खातरजमा झाल्याशिवाय पोलीस घरफोडीच्या अलार्मवर धावून जाणार नाहीत. काही ठिकाणी अलार्मची नोंदणी करावी लागते, तर काही ठिकाणी ठरावीक संख्येनंतरच्या प्रत्येक खोट्या गजराला दंड पडतो. तेव्हा उपकरणांची चौकशी करण्याआधी तुमच्या भागातील पोलिसांचा नियम विचारून घ्या. हे काम एका फोनचे असते, तरीही ते बहुतेक जण खरेदी झाल्यावर करतात.

पोलिसांखेरीज दोन माणसे तरी अशी हवीत ज्यांच्याकडे तुमच्या घराची किल्ली आहे, ज्यांना अलार्म बंद करता येतो, ज्यांचे घर जवळ आहे आणि ज्यांनी रात्री अडीच वाजता उठून यायला मनापासून होकार दिला आहे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. संकोचाने होकार देणारा नातेवाईक आणि खरोखर येणारा शेजारी यांतील फरक पहिल्याच गजराला कळतो. या माणसांना एक सूचना आवर्जून द्यावी : दार फोडलेले किंवा खिडकी उघडी दिसली तर आत पाऊल टाकायचे नाही, दूर उभे राहून पोलिसांना कळवायचे. अशी माणसे मिळतच नसतील, तर स्वतःचा सुरक्षारक्षक पाठवणारी सेवा शोधावी लागेल, आणि मग बाकीची निवड त्या सेवेच्या चौकटीतच करावी लागेल.

पायरी २ : लक्ष कोण ठेवणार

इथे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सेन्सरचा निरोप थेट तुमच्या मोबाइलवर येतो आणि पुढचे सारे तुम्ही पाहता. याला मासिक शुल्क नसते किंवा अगदी थोडे असते. मात्र तुम्ही विमानात असाल, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला असेल किंवा गाढ झोपेत असाल, तर त्या वेळी घरावर कोणाचेच लक्ष नसते. जे सहसा घरीच असतात किंवा ज्यांच्या घरात फोन उचलणारी दोन-तीन मोठी माणसे आहेत, त्यांना हा मार्ग पुरतो. एकट्या राहणाऱ्या, सतत प्रवासात असणाऱ्या किंवा वृद्ध आईवडिलांसाठी अलार्म बसवणाऱ्या माणसाला मी दुसरा मार्ग सुचवेन, म्हणजे चोवीस तास माणसे बसलेल्या केंद्राची देखरेख.

त्या केंद्रात काय घडते ते बारकाईने पाहिले की सेवांमधला फरक कळतो. स्वयंपाकघराच्या दाराचा सेन्सर सुटला, आत आल्यावर अलार्म बंद करायला मिळणारे सेकंद संपले आणि पॅनलने, म्हणजे सगळे सेन्सर जिला जोडलेले असतात त्या घरातल्या मुख्य पेटीने, निरोप पाठवला. ऑपरेटरच्या पडद्यावर तुमचे नाव, पत्ता, ‘झोन ३, स्वयंपाकघराचे दार’ ही ओळ आणि फोन क्रमांकांची यादी येते. तो पहिला क्रमांक फिरवतो. पलीकडून कोणी उचलले तर तो सांकेतिक शब्द विचारतो. शब्द बरोबर असेल तर तो गजर खोटा म्हणून नोंदवतो. चुकीचा असेल किंवा उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तो पुढची कारवाई करतो. चांगल्या सेवांमध्ये दुसरा एक शब्दही ठरवता येतो. तो ऐकायला साधा असतो, पण त्याचा अर्थ ‘माझ्यावर कोणी जबरदस्ती करत आहे, काही न दाखवता मदत पाठवा’ असा असतो. पहिल्या क्रमांकावर उत्तर मिळाले नाही म्हणून लगेच पोलिसांना न कळवता दुसरा क्रमांकही लावून पाहण्याची पद्धत बऱ्याच केंद्रांत आहे, आणि तिने खोटे गजर बरेच कमी होतात.

म्हणून कंपनीला हे प्रश्न विचारावेत. केंद्र तुमचे स्वतःचे आहे की दुसऱ्या संस्थेकडे काम दिले आहे? त्या केंद्राला कोणते प्रमाणपत्र आहे? अमेरिकेत यूएल ८२७ आणि युरोपात ईएन ५०५१८ ही देखरेख केंद्रांसाठीची मानके आहेत, आणि तुमच्या देशातील समकक्ष मानक कोणते ते विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. केंद्राची वीज गेली किंवा इमारतच रिकामी करावी लागली, तर काम उचलणारे दुसरे केंद्र आहे का? गजर खरा आहे याची खातरजमा तुम्ही कशी करता, केवळ फोनने की कॅमेऱ्याच्या चित्राने किंवा घरातल्या आवाजाने? विक्रेता या प्रश्नांवर अडखळला तर मी त्याच्या घसघशीत सवलतीकडे पाहत नाही.

धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर याच पॅनलला जोडता येतात आणि ते जोडावेत असे माझे मत आहे. मात्र त्यांचा निरोप आल्यावर केंद्र कोणाला कळवते, हे वेगळे विचारून घ्या. आगीच्या बाबतीत आधी तुम्हाला फोन करून वाट पाहत बसणे परवडणारे नसते.

पायरी ३ : निरोप जाणार कोणत्या वाटेने

ही पायरी सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. पॅनल निरोप पाठवते ते जुन्या टेलिफोनच्या तारेवरून, घरातल्या इंटरनेटवरून किंवा मोबाइल नेटवर्कवरून. टेलिफोनची तार अनेक घरांच्या बाहेरच्या भिंतीवरून उघडी जाते, त्यामुळे ती कापणे सोपे असते. शिवाय ठिकठिकाणी ते जुने नेटवर्कच मोडीत निघत आहे. इंटरनेट वेगवान असते, पण वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि पॅनलच्या आत बॅटरी असून उपयोग होत नाही. मोबाइल नेटवर्कला घरापर्यंत येणारी तार नसते, हा त्याचा मोठा गुण आहे. पण तळघरात किंवा जाड भिंतींच्या घरात सिग्नल पुरेसा मिळतो का, हे बसवण्याआधी त्याच जागी तपासावे लागते.

शक्य असेल तर इंटरनेट आणि मोबाइल असे दोन्ही मार्ग असलेले पॅनल घ्यावे. मोबाइल मार्ग घेताना तो कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर चालतो ते विचारा. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्री-जी सेवा बंद केली, तेव्हा त्या सेवेवर अवलंबून असलेली आणि वेळेत न बदललेली अलार्मची उपकरणे केंद्राशी बोलू शकेनाशी झाली. भिंतीवरचा कीपॅड चालूच असतो, सायरनही वाजतो, त्यामुळे घरातल्यांना काही बिघडल्याचे जाणवतही नाही. असा आंधळेपणा टाळण्यासाठी आणखी एक प्रश्न विचारावा : पॅनल आणि केंद्र यांच्यातला संपर्क तुटला तर केंद्राला ते किती वेळात कळते? काही सेवांमध्ये पॅनल दर काही मिनिटांनी आपण जिवंत असल्याची खूण पाठवते, तर काहींमध्ये ती दिवसातून एकदाच जाते. दिवसातून एकदा म्हणजे सकाळी तुटलेला संपर्क दुसऱ्या दिवशी सकाळी कळणार.

वीज गेल्यावर पॅनल किती तास चालते हेही पाहावे. युरोपच्या ईएन ५०१३१ या मानकात अलार्म यंत्रणेचे धोक्यानुसार चार दर्जे केले आहेत, आणि त्यातील पहिल्या दोन दर्जांसाठी राखीव विजेची अट १२ तासांची आहे. घरांसाठी सहसा दुसरा दर्जा धरला जातो. पॅनलमधील शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. ती कोण बदलणार आणि तो खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेले असावे.

पायरी ४ : घराभोवती एक फेरी

आता उपकरणे. पण त्याआधी संध्याकाळी अंधार पडताना घराबाहेर उभे राहून, आपल्याकडे किल्ली नाही असे समजून, आत कसे शिरता येईल ते पाहा. कुठली खिडकी झाडाआड आहे, कुठल्या दाराची कडी ढिली आहे, कुठे शिडी विसरली आहे, हे या फेरीत दिसते. ढिली कडी आणि कुजकी चौकट आधी दुरुस्त करावी. अलार्म कोणाला आत येण्यापासून अडवत नाही, तो आल्याचे सांगतो. आत शिरायला लागणारा वेळ वाढवण्याचे काम कुलपाचे आणि चौकटीचे आहे.

दारांवर आणि उघडणाऱ्या खिडक्यांवर चुंबकी सेन्सर लावतात. त्याचे दोन भाग असतात : चौकटीवर काचेच्या नळीत दोन पातळ धातूपट्ट्या असलेला रीड स्विच आणि दाराच्या फळीवर छोटा चुंबक. दार बंद असताना चुंबकाच्या ओढीने पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात, दार उघडले की त्या सुटतात. हा स्विच बेल प्रयोगशाळेत डब्ल्यू. बी. एल्वुड याने १९३६ मध्ये शोधला आणि आजही यापेक्षा साधा व भरवशाचा सेन्सर नाही. त्याची खोड एकच : बिजागरी झिजून दार खाली बसले की दोन भागांतले अंतर वाढते आणि वाऱ्याच्या झुळकेनेही गजर होतो. म्हणून डुगडुगणारे दार आधी सुताराला दाखवावे.

खोलीतली हालचाल टिपणारा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण, तो टिपतो. त्याच्या पुढची पांढरी प्लास्टिकची भिंगे खोलीचे अदृश्य पट्टे पाडतात, आणि उबदार वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की सेन्सरला बदल जाणवतो. यातून बसवण्याचे नियम आपोआप निघतात. सेन्सरकडे सरळ चालत येणारा माणूस पट्टे कमी ओलांडतो, म्हणून तो उशिरा टिपला जातो. आडवा जाणारा लगेच सापडतो. तेव्हा सेन्सर खोलीच्या कोपऱ्यात, दोन मीटरच्या थोड्या वर, शिरणाऱ्याची वाट आडवी जाईल असा लावावा. खिडकीची काच हे अवरक्त किरण अडवते, त्यामुळे आत बसवलेला सेन्सर काचेबाहेरच्या माणसाला पाहू शकत नाही. हीटर, गरम हवेची जाळी किंवा थेट ऊन पडणारी खिडकी मात्र त्याच्या समोर असू नये. माझ्याकडे एकदा तीन रात्री लागोपाठ खोटा गजर झाला. चौथ्या रात्री दिवाणखान्यात अंधारात बसून राहिलो तेव्हा कारण दिसले : गरम हवेच्या जाळीवरचा पडदा हवा सुरू झाली की फुगून सेन्सरसमोर हलत होता. पडदा आखूड केला आणि प्रश्न मिटला.

पाळीव प्राण्यांसाठीचे सेन्सर मिळतात आणि त्यांवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती मर्यादा जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी धरलेली असते. कपाटावर चढणारी मांजर त्या हिशेबात बसत नाही. जिथे खोटे गजर टळत नाहीत तिथे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून त्यांच्या परतण्यावरून हालचाल ओळखणारे तंत्र) अशी दोन्ही तंत्रे एकत्र असलेला सेन्सर लावावा, कारण दोन्हींना एकाच वेळी हालचाल जाणवली तरच तो निरोप देतो. मोठ्या काचा असतील तर काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर उपयोगी पडतो. जाड पडद्यांनी आवाज दबतो, एवढे त्यात ध्यानात ठेवावे.

रात्री घरातले झोपले असताना आतले हालचाल-सेन्सर बंद आणि दारे-खिडक्यांचे चालू, अशी वेगळी व्यवस्था प्रत्येक पॅनलमध्ये हवी. विक्रेता फक्त दोन-तीन हालचाल-सेन्सर देऊन दारे-खिडक्या मोकळ्या सोडत असेल, तर तो तुम्ही बाहेर गेल्यावरच्या घराचा विचार करतो आहे, झोपलेल्या घराचा नाही.

वायरी की बिनतारी, या वादात फारसे पडू नये. घराचे बांधकाम चालू असेल तर वायरी टाकून घ्याव्यात, राहत्या घरात बिनतारी यंत्रणा सोयीची. बिनतारी घेताना सेन्सर आणि पॅनल यांतले संभाषण सांकेतिक केलेले आहे का, आणि कोणी रेडिओ लहरी मुद्दाम अडवल्या तर पॅनलला ते कळते का, एवढे दोन मुद्दे तपासावेत.

कॅमेरा चांगला, पण तो सेन्सरची जागा घेत नाही. गजर खरा की खोटा हे ठरवायला आणि नंतर पुरावा म्हणून त्याचा उपयोग.

पायरी ५ : करार वाचा, तोही घरी बसून

माझ्या एका जुन्या घरात बसवलेले पॅनल उत्तम चालत होते. सेवा बदलायची ठरवली तेव्हा कळले की तंत्रज्ञाचा संकेतांक जुन्या कंपनीकडे आहे आणि ती तो द्यायला तयार नाही. त्या संकेतांकाशिवाय नवे केंद्र पॅनलमध्ये नोंदवता येत नव्हते. चांगले पॅनल उतरवून दुसरे बसवावे लागले. तेव्हापासून मी सही करण्याआधी विचारतो : उपकरणे माझ्या मालकीची की भाड्याची? करार संपल्यावर संकेतांक मला मिळणार का? दुसऱ्या कंपनीचे केंद्र या पॅनलला जोडता येते का? उत्तर तोंडी मिळाले तर ते कागदावर लिहून घ्यावे.

त्याखेरीज कराराची मुदत, ती संपल्यावर आपोआप नूतनीकरण होते का आणि ते थांबवायला किती दिवस आधी लेखी कळवावे लागते, मुदतीत शुल्क वाढवण्याचा हक्क कंपनीने राखला आहे का, घर बदलले तर काय, या ओळी शोधून वाचाव्यात. कंपनीची जबाबदारी अगदी छोट्या रकमेपुरती मर्यादित करणारे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असते. ते काढून टाकले जाण्याची आशा धरू नये, पण त्यामुळे अलार्म हा विम्याला पर्याय ठरत नाही हे समजून असावे. विमा कंपनी अलार्मसाठी सवलत देत असेल तर तिला कोणते प्रमाणपत्र लागते, ते खरेदीच्या आधी विचारावे.

दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिलेला इशारा कुठेही लागू पडतो : ‘तुमची जुनी कंपनी आम्ही विकत घेतली आहे’ किंवा ‘पॅनल अद्ययावत करायला आलो आहोत’ असे सांगून आत येणारा माणूस प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीचा नवा करार सही करून घेत असू शकतो. त्याला दारातच थांबवून बिलावरच्या क्रमांकावर फोन करावा.

पायरी ६ : बसवण्याचा दिवस आणि पहिले दोन आठवडे

तंत्रज्ञ निघण्याआधी त्याच्यासोबत प्रत्येक सेन्सर तपासून घ्या. यासाठी पॅनलमध्ये चाचणीची व्यवस्था असते. ती चालू करून एकेक दार उघडावे, प्रत्येक खोलीतून आडवे चालावे आणि कीपॅडवर योग्य झोनचे नाव येते का ते पाहावे. नावे स्पष्ट असावीत. ‘झोन ७’ ऐकून ऑपरेटरला काही उमगत नाही, ‘मागची खिडकी’ ऐकून उमगते. कारखान्यातून आलेला मूळ संकेतांक त्याच वेळी बदलावा आणि घरातल्या प्रत्येकाला, तसेच कामाला येणाऱ्या व्यक्तीला, वेगळा संकेतांक द्यावा, म्हणजे एखाद्याचा काढून टाकताना सगळ्यांचा बदलावा लागत नाही.

आत आल्यावर अलार्म बंद करायला मिळणारे सेकंद घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठेवावेत, मात्र तुमच्या भागातील नियमात कमाल मर्यादा असेल तर तिच्या आत. पहिले दोन आठवडे केंद्राला ‘पोलिसांना कळवू नका, आम्हालाच फोन करा’ असे सांगता येते का ते विचारा. या काळात घरातल्यांच्या सवयी आणि सेन्सरच्या खोडी दोन्ही उघड होतात, आणि दंडही पडत नाही.

पंधरवडा संपल्यावर एक शेवटची चाचणी स्वतः करावी. केंद्राला फोन करून चाचणी करत असल्याचे आधी कळवा, मग राउटरची पिन काढा, पॅनलचा मुख्य वीजपुरवठा बंद करा आणि घड्याळ पाहून पुढचे दार उघडा. तुमचा फोन वाजेपर्यंत किती मिनिटे गेली आणि ऑपरेटरने इंटरनेट व वीज बंद असल्याचा उल्लेख स्वतःहून केला का, हे लिहून ठेवा. फोन आलाच नाही, तर त्याच दिवशी तंत्रज्ञाला परत बोलवा.